वाचकांचे प्रश्न : गेटवेमागच्या संगणकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता

प्रश्न : सांगलीत आमचा ऑफसेट छापखाना आहे. कार्यालयातले चौदा संगणक एका जुन्या लिनक्स संगणकामार्फत इंटरनेटला जोडलेले आहेत. या गेटवेला दोन नेटवर्क कार्डे असून आतल्या कार्डाचा पत्ता १९२.१६८.१०.१ आहे, तर बाहेरच्या कार्डाला लीज्ड लाइन जोडलेली आहे. पुरवठादाराने आम्हाला आठ पत्त्यांचा गट दिला. त्यातला पहिला वापरण्याजोगा पत्ता त्यांच्या राउटरला आणि दुसरा आमच्या गेटवेला आहे. उरलेले चार पडून आहेत. ग्राहक आपल्या मोठ्या फायली आमच्या १९२.१६८.१०.२० या सर्व्हरवर एसएफटीपीने (फायली सुरक्षितपणे पाठवण्याच्या पद्धतीने) चढवतात, आणि मुंबईच्या एका प्रकाशकाच्या सर्व्हरवरून आम्ही रोज रात्री फायली उतरवून घेतो. आमच्या फाइल सर्व्हरचा असा स्वतंत्र पत्ता कळवा, आम्ही फायरवॉलमध्ये तेवढ्यालाच प्रवेश देऊ, असे प्रकाशकाने सांगितले आहे. पडून असलेला एक पत्ता मी थेट सर्व्हरला देऊन पाहिला, तर त्याचे इंटरनेटच बंद पडले. मग एका तंत्रज्ञाने गेटवेवर नियम घालून दिला. आता बाहेरून नव्या पत्त्यावर सर्व्हर सापडतो, पण प्रकाशकाकडे आम्ही जुन्याच पत्त्याने पोहोचतो. चूक कोठे होत आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपण कळवलेले खरे पत्ते येथे छापलेले नाहीत. उदाहरणांसाठी राखून ठेवलेल्या २०३.०.११३ या मालिकेतून आपला गट २०३.०.११३.३२ ते २०३.०.११३.३९ असा धरू. त्यातला पहिला आणि शेवटचा पत्ता कोणत्याही संगणकाला देता येत नाही. ३३ हा पुरवठादाराच्या राउटरचा, ३४ आपल्या गेटवेचा आणि ३५ हा पत्ता आपल्याला सर्व्हरसाठी हवा आहे.

आधी पहिला प्रयत्न का फसला ते पाहू, कारण पुढचे सगळे त्यातूनच उलगडते. सर्व्हरला ३५ हा पत्ता दिल्याबरोबर त्याची समजूत झाली की ३३ क्रमांकाचा राउटर आपल्याच तारेवर आहे. म्हणून त्याने आतल्या तारेवर हाक दिली, "३३ कोणाचा? आपला मॅक पत्ता कळवा." मॅक पत्ता म्हणजे नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक. या हाकेला एआरपी म्हणतात आणि ती गेटवे ओलांडून पलीकडे जात नाही. राउटर बाहेरच्या तारेवर असल्यामुळे उत्तर आले नाही. तिकडे पुरवठादाराच्या राउटरकडे ३५ साठी काही आले, तेव्हा त्यानेही बाहेरच्या तारेवर तशीच हाक दिली आणि तिलाही कोणी ओ दिली नाही, कारण ३५ धारण करणारा सर्व्हर आतल्या तारेवर होता. मध्ये बसलेल्या गेटवेला दोन्ही हाका ऐकू आल्या, परंतु त्याला कोणी काही सांगितलेले नसल्याने तो गप्प राहिला. आपण पत्ता चुकीचा दिला नव्हता, पण त्या पत्त्याच्या वतीने बाहेर ओ देणारे कोणी नेमले नव्हते.

यासाठी रूढ आणि आपल्याला पुरेसा मार्ग म्हणजे एकास एक नॅट. नॅट म्हणजे येता-जाता गेटवेने पत्ता बदलणे, आणि एकास एक म्हणजे एका आतल्या पत्त्यासाठी एक बाहेरचा पत्ता. त्यात सर्व्हरचा आतला पत्ता १९२.१६८.१०.२० असाच राहतो आणि ३५ हा पत्ता गेटवे स्वतःच्या बाहेरच्या कार्डावर जादा पत्ता म्हणून घेतो. एका कार्डावर अनेक पत्ते ठेवणे लिनक्सला अवघड नाही. असे केले की ३५ साठी आलेल्या हाकेला गेटवे उत्तर देऊ लागतो आणि पॅकेट, म्हणजे पाठवलेल्या माहितीचा एकेक तुकडा, त्याच्या दारापर्यंत येते. त्यापुढे दोन वेगळे नियम लागतात, आणि आपल्या तंत्रज्ञाने त्यांतला एकच लिहिलेला दिसतो.

पहिला नियम आत येणाऱ्यांसाठी. मार्ग ठरण्यापूर्वीच्या, म्हणजे प्रीराउटिंगच्या साखळीत (साखळी म्हणजे नियमांची यादी), ज्या पॅकेटचे गंतव्य ३५ आहे त्याचे गंतव्य बदलून १९२.१६८.१०.२० करावे. हा आपल्याकडे आहे, म्हणूनच बाहेरून सर्व्हर सापडतो. येथे एक गैरसमज होतो. बाहेरून आलेल्या ग्राहकाला सर्व्हरचे उत्तर ३५ कडूनच जाते, कारण गेटवे प्रत्येक जोडणीची नोंद ठेवतो आणि परतीच्या पॅकेटवर तोच बदल उलटा करतो. हे पाहून काम पूर्ण झाले असे वाटते. परंतु सर्व्हरने स्वतःहून सुरू केलेल्या जोडणीची अशी नोंद आधीपासून नसते. ती बाहेर पडण्याआधीच्या, म्हणजे पोस्टराउटिंगच्या साखळीत जाते, तिथे सगळ्या कार्यालयासाठी लिहिलेला मास्करेडचा नियम तिला लागू होतो आणि तो तिला बाहेरच्या कार्डाचा मुख्य पत्ता, म्हणजे ३४, चिकटवतो. प्रकाशकाला तोच दिसतो.

म्हणून दुसरा नियम पोस्टराउटिंगमध्ये हवा : ज्या पॅकेटचा उगम १९२.१६८.१०.२० आहे आणि जे बाहेरच्या कार्डातून निघत आहे, त्याचा उगम बदलून ३५ करावा. हा नियम मास्करेडच्या वर असला पाहिजे. साखळी वरून खाली वाचली जाते आणि पत्ता बदलणारा जो नियम पहिला जुळतो तोच लागू होतो. खालचा नियम कितीही अचूक असला तरी त्याची पाळी येत नाही. नियम शेवटी जोडण्याची आज्ञा हाताशी असते, त्यामुळे तो सवयीने शेवटी जोडला जातो, आणि मग "नियम आहे, पण चालत नाही" अशी तक्रार येते. नियमांची यादी काढताना प्रत्येक नियमापुढे किती पॅकेट जुळली हा आकडाही मागवावा. आपल्या नियमापुढे शून्य आणि मास्करेडपुढे मोठा आकडा दिसला, तर निदान झाले.

दोन्ही नियम बरोबर असूनही काही वेळ जुनेच वर्तन दिसू शकते. नॅटच्या साखळ्या जोडणीच्या फक्त पहिल्या पॅकेटसाठी वाचल्या जातात. पुढची पॅकेट नोंदवहीतल्या नोंदीप्रमाणे जातात. प्रकाशकाशी आधीच सुरू असलेली जोडणी म्हणूनच ती तुटेपर्यंत ३४ याच पत्त्याने चालेल. ती थांबवून पुन्हा सुरू करावी, किंवा गेटवेवरील जोडण्यांच्या नोंदवहीतून ती नोंद काढून टाकावी.

दुसरा विलंब पुरवठादाराच्या बाजूने होतो. ३५ हा पत्ता पूर्वी एखाद्या दुसऱ्या यंत्राकडे असेल, तर त्यांच्या राउटरच्या स्मरणात जुना मॅक पत्ता बसलेला असतो. सिस्कोच्या राउटरमध्ये हे स्मरण मूळ मांडणीत चार तास टिकते. मी स्वतः एकदा अशाच बदलानंतर रात्री अकरापर्यंत नियम तपासत बसलो होतो. नियमांत काहीच चूक नव्हती आणि सकाळी सगळे आपोआप सुरळीत झालेले होते. तेव्हापासून पत्ता हलवला की मी लगेच गेटवेवरून त्या पत्त्याची न मागता घोषणा करतो. आर्पिंग नावाचे छोटे साधन हेच काम करते. बहुतेक राउटर ती घोषणा ऐकून स्मरण दुरुस्त करतात. एखादा न करील, तर पुरवठादाराच्या कक्षाला फोन करून त्या पत्त्याची एआरपी नोंद पुसायला सांगावी. असे नेमके शब्दांत सांगितले तर काम लवकर होते.

हे सगळे करण्यापूर्वी पुरवठादाराला एक प्रश्न जरूर विचारावा : हा गट तुमच्या आणि आमच्या मधल्या तारेवरच आहे, की तुम्ही तो आमच्या गेटवेकडे मार्ग लावून पाठवत आहात? आपल्या वर्णनावरून पहिला प्रकार दिसतो. दुसऱ्या प्रकारात मधल्या तारेसाठी वेगळे दोन पत्ते असतात आणि पूर्ण गट गेटवेच्या स्वाधीन होतो. तिथे हाकांचा प्रश्नच उरत नाही. एवढेच नव्हे, तर गेटवेच्या तिसऱ्या कार्डामागे तो गट जसाच्या तसा मांडून सर्व्हरला खरा सार्वजनिक पत्ता देता येतो आणि नॅटची गरजच राहत नाही. नव्या जोडणीचा करार करताना हा दुसरा प्रकार मागून घ्यावा, असे माझे मत आहे.

आता सुरक्षिततेविषयी, आणि हा भाग कृपया घाईने वाचू नये. एकास एक नॅटच्या नियमाने ३५ वरची सगळी पोर्टे, म्हणजे वेगवेगळ्या सेवांची क्रमांक दिलेली दारे, सर्व्हरकडे वळतात, एसएफटीपीचे तेवढे नव्हे. पत्ता देणे आणि दार उघडणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे काम फॉरवर्डच्या, म्हणजे गेटवेतून पलीकडे जाणाऱ्या पॅकेटांच्या साखळीत करायचे असते. तिथे मूळ धोरण "नाकारा" असे ठेवून बाहेरून सर्व्हरकडे जाणाऱ्या नव्या जोडण्यांपैकी फक्त २२ क्रमांकाच्या पोर्टला वाट द्यावी. या साखळीपर्यंत येईतो पॅकेटचे गंतव्य बदललेले असते, म्हणून नियमात ३५ न लिहिता १९२.१६८.१०.२० लिहावे. ३५ लिहिलेला नियम कधीच जुळणार नाही. मग कोणीतरी कंटाळून "सगळ्यांना परवानगी" असे लिहून मोकळा होतो, आणि तिथून खरा धोका सुरू होतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या घातक प्रोग्रामने जगभर जो हाहाकार उडवला, त्यात तो विंडोजच्या फाइल वाटून घेण्याच्या सेवेतून, म्हणजे ४४५ क्रमांकाच्या पोर्टमधून, एका यंत्रातून दुसऱ्यात शिरत होता. त्या त्रुटीची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च महिन्यातच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती आणि ज्यांचे ते पोर्ट बाहेरून उघडे होते, त्यांच्यापर्यंत पोहोचायला त्या प्रोग्रामला कोणी काही उघडून देण्याचीही गरज पडली नाही.

याच कारणासाठी माझा आग्रह आहे की आपण गेटवेला तिसरे नेटवर्क कार्ड घ्यावे. ते काही शे रुपयांत मिळते. फाइल सर्व्हर त्यामागे १९२.१६८.२०.२० अशा वेगळ्या नेटवर्कवर ठेवावा आणि वरच्या नियमांत तो पत्ता घालावा. कार्यालयातून सर्व्हरकडे जाता यावे, परंतु सर्व्हरला कार्यालयाकडे नवी जोडणी सुरू करता येऊ नये, असा नियम फॉरवर्डमध्ये लिहावा. आज आपला सर्व्हर ज्या तारेवर आहे त्याच तारेवर हिशेबाचा संगणक आहे, मजकूर जुळवणीचे संगणक आहेत. उद्या सर्व्हरचा पासवर्ड कोणाच्या हाती लागला, तर त्याच्या आणि आपल्या हिशेबांच्या मध्ये काहीही उभे नाही.

तिसऱ्या कार्डाचा आणखी एक लाभ आहे. सध्याच्या मांडणीत कार्यालयातल्या कोणी ३५ हा पत्ता टाकला, तर बहुधा काही उघडत नसेल. त्याचे पॅकेट गेटवेकडे जाते, गेटवे ते सर्व्हरकडे वळवतो, पण सर्व्हरला दिसते की विचारणारा आपल्याच तारेवर आहे, म्हणून तो गेटवेला वगळून थेट उत्तर देतो. ज्याने ३५ ला विचारले त्याला उत्तर १९२.१६८.१०.२० कडून आले, तर तो ते अनोळखी म्हणून टाकून देतो. सर्व्हर वेगळ्या नेटवर्कवर गेला की उत्तराला गेटवेतूनच यावे लागते आणि हा गुंता सुटतो. मात्र पहिला नियम लिहिताना "बाहेरच्या कार्डातून आलेले" अशी अट न घालता केवळ ३५ या गंतव्याची अट घालावी. तिसरे कार्ड घेईपर्यंत कार्यालयातल्या डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेत) सर्व्हरच्या नावापुढे आतला पत्ता लिहून ठेवावा.

आणखी एक उल्लेख करून हे उत्तर संपवतो. ज्या सेवा आपल्या मजकुरातच पत्ता लिहून पाठवतात त्यांना नॅट सोसत नाही. जुनी एफटीपी सेवा तशी आहे. इंटरनेटवरून फोन करण्याची एसआयपी ही पद्धतही तशी आहे. अशा सेवेसाठी सर्व्हरवर खराच सार्वजनिक पत्ता ठेवून गेटवेने त्याच्या वतीने हाकेला ओ द्यावी, असा मार्ग आहे. त्याला प्रॉक्सी एआरपी म्हणतात आणि तो १९८७ पासून ज्ञात आहे. एसएफटीपीचे सगळे काम एकाच जोडणीतून होत असल्याने आपल्याला त्या वाटेने जाण्याची आवश्यकता नाही.

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमची आंब्याची बाग आहे. तिथे फायबरची जोडणी घेऊन चार कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर बसवला आहे. पुण्याहून ते पाहता यावे म्हणून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग केले (बाहेरून येणारे एक पोर्ट रेकॉर्डरकडे वळवले), सगळीच पोर्टे वळवणारे डीएमझेडही सुरू करून पाहिले, पण बाहेरून काहीच दिसत नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १००.७२ ने सुरू होणारा दिसतो. रेकॉर्डरला स्वतःचा पत्ता कसा द्यावा?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपण लिहिलेल्या शेवटच्या आकड्यांतच कारण आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते सार्वजनिक नाहीत. २०१२ मध्ये ते सेवा पुरवठादारांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आले. म्हणजे आपल्या राउटरच्या पुढे पुरवठादाराचा आणखी एक मोठा गेटवे आहे आणि त्यामागे अनेक ग्राहक एकच सार्वजनिक पत्ता वाटून वापरत आहेत. आपल्या राउटरमधले नियम कितीही बिनचूक असले, तरी पुढच्या गेटवेला आपला रेकॉर्डर माहीत नाही, आणि तिथे नियम लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही. खात्रीसाठी राउटरने दाखवलेला पत्ता आणि "माझा आयपी कोणता" असे विचारल्यावर एखादे संकेतस्थळ दाखवते तो पत्ता ताडून पाहावा. ते वेगळे असतील, तर शंका उरत नाही.

पुरवठादारांवर ही वेळ का आली, याचे उत्तर साध्या गणितात आहे. आयपीव्ही४, म्हणजे वरच्यासारख्या चार आकड्यांच्या पत्त्यांची पद्धत; तिचा पत्ता ३२ बिटांचा, त्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-प्रशांत विभागाचा साठा अखेरच्या राखीव गटापर्यंत आला. भारतात घरोघरी फायबर पोहोचले ते त्यानंतर.

पुरवठादाराकडे मासिक शुल्क भरून "स्टॅटिक आयपी" मागता येतो आणि तो मिळाला की आपले पोर्ट फॉरवर्डिंग चालू लागेल. तरीही मी आपल्याला तो घेऊ नका असेच सांगेन. कॅमेऱ्याचा रेकॉर्डर उघड्या इंटरनेटवर ठेवण्यासारखे यंत्र नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रामने कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले असंख्य कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले आणि त्यांच्याकडून मोठमोठ्या सेवांवर मारा करवला. मालकांना आपल्या भिंतीवरचा कॅमेरा यात सामील आहे याचा पत्ताही नव्हता. डीएमझेड तर आजच बंद करावे. त्याने रेकॉर्डरला वेगळा पत्ता मिळत नाही. राउटरच्या एकाच पत्त्यावर जे जे येईल ते सगळे त्याच्या अंगावर सोडले जाते, एवढेच होते. आज पुढचा गेटवे आड आहे म्हणून ते जाणवत नाही.

त्याऐवजी बागेतून बाहेर जाणारा बोगदा करावा. सार्वजनिक पत्ता असलेला एक लहान सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर वायरगार्ड हे असा बोगदा करणारे साधन बसवावे. २०२० पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच समाविष्ट आहे. बागेतला एखादा छोटा संगणक त्या सर्व्हरशी स्वतःहून जोडणी करील, आणि आत यायला मनाई असली तरी बाहेर जायला पुरवठादाराचा गेटवे हरकत घेत नाही. त्या गेटवेने जोडणी विसरू नये म्हणून दर २५ सेकंदांनी एक खूण पाठवण्याची सोय मांडणीत आहे, ती सुरू ठेवावी. आपला पुण्यातला फोनही त्याच सर्व्हरशी जोडला की कॅमेरे दिसतील आणि रेकॉर्डरचे एकही पोर्ट जगासमोर उघडावे लागणार नाही.

प्रश्न : आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीमध्ये प्रत्येक संगणकाला सार्वजनिक पत्ता मिळतो असे वाचले. मग गेटवेवर काहीच करावे लागणार नाही का?
— एक विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पत्ता बदलण्याचे काम उरत नाही, राखणीचे उरते. आयपीव्ही६ चा पत्ता १२८ बिटांचा असतो. त्यातले सामान्यतः पहिले ६४ बिट नेटवर्कचे आणि उरलेले ६४ त्यातल्या यंत्राचे. त्यामुळे घरातल्या एका नेटवर्कलासुद्धा संपूर्ण आयपीव्ही४ पेक्षा कितीतरी अधिक पत्ते मिळतात आणि नॅटचे प्रयोजन राहत नाही. बाहेरून नवी जोडणी कोणत्या संगणकाकडे जाऊ द्यायची हे मात्र गेटवेच्या फायरवॉलमध्येच लिहावे लागते. बहुतेक घरगुती राउटर अशा जोडण्या सुरुवातीपासून अडवतात, ते योग्यच आहे.

आपण प्रयोग करणार असाल तर दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पुरवठादार नेटवर्कचा भाग अधूनमधून बदलत असेल, तर पूर्ण पत्ता घालून लिहिलेला नियम दुसऱ्या दिवशी निरुपयोगी ठरतो. म्हणून स्थिर भाग मिळतो का ते विचारावे, किंवा केवळ शेवटचे ६४ बिट जुळवणारा नियम राउटरमध्ये लिहिता येतो का ते पाहावे. दुसरे असे की संगणक खासगीपणासाठी तात्पुरते पत्तेही तयार करतात आणि ते ठरावीक काळाने टाकून देतात. संगणकाच्या कार्डावर तीन-चार पत्ते दिसतील. त्यांपैकी तात्पुरता म्हणून नोंदलेला सोडून स्थिर असलेला पत्ता नियमात आणि डीएनएसमध्ये लिहावा.